आयव्ही लीगने आपली मुलं राखावीत

प्रिन्स्टनचा बास्केटबॉलपटू केडन पिअर्स या मोसमात खेळणार नाही. त्याला दुखापत झालेली नाही, अभ्यासात तो मागे पडलेला नाही, संघातून कुणी काढलेलंही नाही. २०२४ मध्ये आयव्ही लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा मुलगा चौथ्या वर्षी मैदानाबाहेर राहून पदवी पूर्ण करणार आहे. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या हिशेबात त्याचं खेळायचं एक वर्ष शिल्लक राहील आणि ते तो पुढच्या मोसमात दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळेल. या वर्षी तो प्रिन्स्टनकडून उतरला असता तर ते वर्षही संपलं असतं. पदवीनंतर प्रिन्स्टनमध्येच एम.ए.ला बसला असता, तरी त्या गणवेशात पुन्हा उतरण्याची परवानगी त्याला मिळाली नसती. आयव्ही लीगचा नियमच तसा आहे.

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा मोसम ३ नोव्हेंबरला सुरू होतोय. बाकीच्या लीगमध्ये कोण जिंकणार याची चर्चा चालली आहे. आयव्हीत मात्र कोण उरलं, याची मोजदाद आधी करावी लागते.

मी मूळची नागपूरची. विद्यापीठाच्या संघात पॉइंट गार्ड खेळले, लग्नानंतर न्यू जर्सीत आले, आणि प्रिन्स्टनचं जॅडविन जिम्नॅशियम घरापासून जवळ निघालं हे माझं भाग्य. मराठी घरांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया ही नावं प्रवेशाच्या संदर्भात घेतली जातात. कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया धरून ही आठ विद्यापीठं. पण आयव्ही लीग ही मुळात खेळांची लीग आहे. १९५४ च्या करारात या आठांनी ठरवलं की खेळासाठी म्हणून कुणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही. तो शब्द ती आजही पाळतात.

या शब्दाची किंमत यंदा कधी नव्हे इतकी वाढली आहे. गेल्या ६ जूनला अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. आता एखादं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटू शकतं. आयव्हीने जानेवारीतच सांगून टाकलं की आम्ही या व्यवस्थेत येणार नाही. शिष्यवृत्ती नाही, पगारही नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि तो केवळ परंपरेच्या प्रेमापोटी नाही. या विद्यापीठांत आर्थिक मदत मिळते ती घरच्या उत्पन्नाकडे पाहून. प्रिन्स्टनने तर २००१ पासून कर्जाऐवजी अनुदानच द्यायला सुरुवात केली. म्हणजे हातावर पोट असलेल्या घरातली मुलगी इथे आली आणि दुसऱ्या वर्षी तिने संघ सोडला, तरी तिची मदत थांबत नाही. गुडघा गेला म्हणून शिक्षण गेलं असं होत नाही. खेळात उमेदीची वर्षं घातलेल्या पण मध्येच शरीराने दगा दिलेल्या मुली मी आमच्या काळात पाहिल्या आहेत. खेळ सुटला की त्यांच्याकडे वळून बघणारं कुणी नव्हतं. म्हणून या व्यवस्थेचं मोल मला फार वाटतं. ब्राउनच्या दोन बास्केटबॉल खेळाडूंनी २०२३ मध्ये शिष्यवृत्तीबंदीविरुद्ध खटला भरला, डार्टमथच्या मुलांनी २०२४ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना निवडली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मेहनत ती मेहनतच. पण या आठ ठिकाणी तरी मदतीचा निकष खेळ नसावा, या मतावर मी ठाम आहे.

पैशासाठी जाणारे जाणारच. येलचा सात फुटी डॅनी वुल्फ मिशिगनला गेला आणि तिथून यंदा एनबीएत पोहोचला. हार्वर्डचा मलिक मॅक जॉर्जटाउनला, पेनचा टायलर पर्किन्स व्हिलानोव्हाला, कॉर्नेलचा एके ओकेरेके व्हँडरबिल्टला. आणि ज्याच्या हातात चेंडू आला की जॅडविनमधले लोक खुर्चीच्या कडेवर सरकायचे, तो झेवियन ली या वर्षी राष्ट्रीय विजेत्या फ्लोरिडाकडून खेळेल. या मुलांना दोष देण्याचं कारण नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला कुणी घरादाराचं भलं होईल एवढी रक्कम देत असेल, तर ती त्याने घ्यावी.

माझं भांडण वेगळ्या नियमाशी आहे. आयव्हीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला खेळता येत नाही. आठ सत्रं संपली की खेळ संपला, मग मधलं एखादं वर्ष दुखापतीत गेलेलं का असेना. प्रिन्स्टनच्या महिला संघातली मॅडिसन सेंट रोझ घ्या. न्यू जर्सीचीच मुलगी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, मोसम जेमतेम सुरू झाला असताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि तिसरं वर्ष वाया गेलं. ती आता परत येतेय, पण हे तिचं चौथं वर्ष. दुसरीकडे असती तर वाया गेलेलं वर्ष तिला त्याच गणवेशात भरून काढता आलं असतं. इथे ती मुभा नाही. रायन लँगबोर्गलाही हाच नियम आडवा आला. २०२३ च्या एनसीएए स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेल्या प्रिन्स्टनने ॲरिझोनाला ५९-५५ असं हरवलं, मग मिसूरीला लोळवलं आणि शेवटच्या सोळांत धडक मारली. मिसूरीविरुद्ध २२ गुण करणारा लँगबोर्ग पुढच्या मोसमात नॉर्थवेस्टर्नचा झाला, कारण प्रिन्स्टनकडे त्याच्यासाठी जागाच नव्हती. त्या मुलाने पदवी वेळेवर घेतली, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

नियमाच्या बाजूने सांगितलं जातं की खेळ हा पदवीच्या चार वर्षांचा भाग आहे आणि जुन्यांनी जागा अडवली तर नव्यांना संधी मिळणार नाही. दुसरा मुद्दा गंभीर आहे. पण बास्केटबॉलच्या संघात पंधरा-सोळा जणच असतात आणि त्यातून दरवर्षी एखाददुसराच मागे राहील. शिवाय त्याला तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाची चाळण पार करावीच लागेल, आणि ती चाळण बारीक आहे. कोविडच्या वर्षी या लीगने अख्खा मोसम रद्द केला. त्यानंतर २०२१ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकदाच ही सवलत दिली. आभाळ कोसळलं नाही. फुटबॉलमध्ये तर दशकानुदशकं हे संघ मोसमानंतरच्या राष्ट्रीय बादफेरीत पाऊलच टाकत नव्हते. खेळाडू-विद्यार्थ्यांच्याच समितीने प्रस्ताव मांडला, आणि गेल्या डिसेंबरमध्ये आठ अध्यक्षांनी तो मान्य केला. याच वर्षीपासून ते खेळणार आहेत. म्हणजे नियम बदलता येतात.

आता मोसमाकडे. प्रत्येक संघ लीगमध्ये चौदा सामने खेळतो, पहिले चार मार्चमधल्या स्पर्धेत जातात आणि तिथला विजेता एनसीएए स्पर्धेच्या अडुसष्ट संघांत पोहोचतो. पुरुषांत आयव्हीला आजवर याहून जास्त जागा कधी मिळालेली नाही. म्हणून इथला प्रत्येक शुक्रवार जिवावरचा असतो.

येल माझ्या मते पहिला राहील. जेम्स जोन्स १९९९ पासून तिथे प्रशिक्षक आहेत. आजच्या काळात एका जागी इतकी वर्षं टिकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. गेल्या वर्षी त्यांनी लीगमध्ये चौदापैकी तेरा सामने जिंकले. २०२४ मध्ये ऑबर्नला ७८-७६ असं हरवताना २८ गुण ठोकणारा जॉन पूलाकिडास आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू बेझ म्बेंग हे दोघंही पदवी घेऊन गेले. तरी निक टाउन्सेंड आहे. हा दणकट फॉरवर्ड बास्केटकडे पाठ करून उभा राहतो, चेंडू अंगाशी धरतो आणि दोन बचावपटू अंगावर आले की मोकळ्या झालेल्या सोबत्याला नेमका पास देतो. त्याच्याभोवती बाकीचा संघ बसवायला जोन्सना जानेवारीपर्यंत वेळ आहे.

सगळ्यात उत्सुकता पेनची. फिलाडेल्फियाचे फ्रॅन मॅककॅफ्री तरुणपणी पेनकडूनच खेळले, आयोवात पंधरा मोसम काढले आणि आता घरी परतले आहेत. त्यांच्यासोबत ड्यूक आणि व्हर्जिनिया करून आलेला टीजे पॉवर आहे. मोठ्या लीगमधून आयव्हीत येणारा खेळाडू विरळाच, म्हणून त्याच्याकडे माझं लक्ष राहील. पेनचं मैदान म्हणजे १९२७ सालचं पॅलेस्ट्रा. तिथे बाकं थेट मैदानाच्या रेषेपर्यंत उतरतात, पहिल्या रांगेत पाय पसरले तर खेळाडूला लागतील. गेली काही वर्षं तिथे रिकाम्या बाकांचा आवाज जास्त यायचा. मॅककॅफ्रींचे संघ वेगात खेळतात आणि भरपूर गुण करतात. ते मैदान पुन्हा भरायला हेच हवं.

हार्वर्डकडे रॉबर्ट हिंटन आहे, गेल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित, आणि तो दुसरीकडे गेला नाही हीच मोठी बातमी. गेल्या मोसमात कोलंबियाने व्हिलानोव्हाला त्यांच्या घरी जाऊन हरवलं होतं आणि मग लीगमध्ये चौदापैकी एकच सामना जिंकला. इतकी घसरण मी पाहिलेली नाही. आता तिथे केव्हिन होवडे आलेत, फ्लोरिडाच्या विजेत्या संघाचे सहायक प्रशिक्षक. कोलंबिया पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत १९६८ नंतर गेलेली नाही, त्यामुळे होवडेंना किमान दोन-तीन वर्षं द्यायला हवीत. डार्टमथ तर १९५९ पासून वाट पाहतंय. गेल्या वर्षी पहिल्यांदाच ते मार्चमधल्या लीग स्पर्धेत पोहोचले, पण रायन कॉर्निश गेल्यावर ते पुन्हा जमणं कठीण. कॉर्नेल वेगात खेळेल आणि कुणालाही चकवेल. किनो लिली ज्युनियरशिवाय ब्राउनचं अवघड दिसतं.

आणि प्रिन्स्टन. माझा जीव तिथे अडकलाय, हे लपवण्यात अर्थ नाही. ली गेला, पिअर्स बाहेर, अचूक नेमबाज ब्लेक पीटर्स पदवी घेऊन गेला. प्रशिक्षक मिच हेंडरसन यांच्या हाती डेलन डेव्हिस, जॅक्सन हिकी आणि कोवळी पोरं उरली आहेत. हेंडरसन १९९६ च्या त्या संघातले, ज्याने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. सामना संपल्यावर दोन्ही हात पसरून हवेत उडी घेतलेला त्यांचा फोटो अजून छापला जातो. त्या सामन्याचा निर्णायक गुण तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी घोटवून घेतलेल्या बॅकडोअर कटवर आला. ही चाल जवळून पाहावी अशी आहे. एक खेळाडू बाजूने पुढे येतो, चेंडू मागत असल्यासारखा हात वर करतो. बचाव करणारा तो पास तोडायला अर्धं पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी पहिला टाच वळवून त्याच्या पाठीमागून बास्केटकडे निघतो, आणि चेंडू जमिनीवर एक टप्पा घेत बरोब्बर त्याच्या हातात पोहोचतो. उंची नको, उडी नको. समोरच्याची घाई तेवढी ओळखता यायला हवी, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यात शब्दाविना समज हवी. ती समज दोन-तीन वर्षं एकत्र खेळल्यावर येते. दर उन्हाळ्यात संघ विस्कटला तर ती येणार कुठून?

महिलांची लीग मात्र कमाल करतेय, आणि वर्तमानपत्रांतून तिला मिळते त्याहून कितीतरी जास्त जागा मिळायला हवी. गेल्या मार्चमध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि कोलंबिया अशा तिघींना एनसीएएचं बोलावणं आलं. लीगच्या उपांत्य सामन्यात ४४ गुण करणारी हार्वर्डची हार्मनी टर्नर आता नाही. त्यामुळे प्रशिक्षक कार्ला बेरूबी यांचा प्रिन्स्टन संघ माझ्या यादीत सर्वांत वर आहे. ॲशली चिआ चेंडू सांभाळेल, स्काय बेलकर आणि फदिमा टॉल सोबत आहेत आणि सेंट रोझ परतली आहे. तिने गुडघ्यावर विश्वास ठेवून आत घुसायला सुरुवात केली, की या संघाला लीगमध्ये रोखणं अवघड जाईल. मेगन ग्रिफिथ यांचं कोलंबिया सहजासहजी हार मानणार नाही, एवढं मात्र नक्की.

पुरुषांत माझे चार: येल, पेन, हार्वर्ड, कॉर्नेल. प्रिन्स्टन पाचवं आलं तर मला वाईट वाटेल, नवल वाटणार नाही. उन्हाळ्यात आठ अध्यक्षांची बैठक होईल तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रश्न विषयपत्रिकेवर यायला हवा. त्यासाठी दोन्ही लीगच्या कर्णधारांनी जानेवारीतच सह्यांचं पत्र द्यावं, फुटबॉलसाठी खेळाडूंच्या समितीने प्रस्ताव मांडला तसं.