रीसेटआधी निदान

घरगुती इंटरनेट बंद पडल्याची तक्रार आली की गेटवेच्या मागच्या छिद्रात पिन घालून तो फॅक्टरी रीसेट करायचा, ही सवय तंत्रज्ञांमध्ये खोलवर रुजली असून तिचा गांभीर्याने फेरविचार व्हायला हवा. फायबरच्या जोडणीत गेटवे हा बहुधा तीन उपकरणांचा एकत्रित संच असतो : फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे ओएनटी, घरातील उपकरणांना पत्ते देऊन त्यांची वाहतूक बाहेर नेणारा राऊटर आणि वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. रीसेट केल्यावर पीपीपीओई या लॉगिन-पद्धतीचे नाव व पासवर्ड आणि एकाच जोडणीवरील वाहतूक वेगवेगळी ठेवणारा व्हीलॅन क्रमांक तर पुसला जातोच. शिवाय जोडणी केव्हा आणि कोणत्या टप्प्यावर तुटली हे सांगणाऱ्या नोंदीही बहुतेक वेळा नाहीशा होतात. त्यामुळे सेवा पुन्हा सुरू झाली तरी ती कशामुळे बंद पडली होती हे कळत नाही, आणि तीच तक्रार काही दिवसांनी परत येते.

निदानाची सुरुवात प्रकाशापासून व्हावी. जीपॉन या फायबर-पद्धतीच्या जाळ्यांत प्रचलित असलेल्या बी-प्लस वर्गातील ओएनटीची ग्रहणमर्यादा उणे २७ डीबीएम, म्हणजे सुमारे २ मायक्रोवॅट, इतकी असते. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते आणि एका प्रकाशाचे ३२ भाग करणारा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डेसिबल खर्च करतो, म्हणून उणे २६ वर चाललेली जोडणी चालू दिसत असली तरी ती निरोगी मानता येत नाही. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि परत जाणारा १३१० चा असतो, व वाकलेल्या पॅच कॉर्डमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश अधिक निसटतो. कपाटामागे दाबली गेलेली कॉर्ड सैल करणे आणि कनेक्टरचे टोक पुसूनच बसवणे ही साधी कामे कोणत्याही रीसेटपेक्षा अधिक मोलाची आहेत.

प्रकाश पुरेसा असेल तर पत्ते पाहावेत. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर न मिळाल्याने त्याने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी दोष घराच्या आतच शोधावा. गेटवेचा बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे असे समजावे. या व्यवस्थेला सीजी-नॅट म्हणतात आणि हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवण्यात आला. ग्राहकाचा सीसीटीव्ही बाहेरगावाहून दिसत नसेल, तर अशा जोडणीवर गेटवेतील पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही. सार्वजनिक पत्ता मागून घेणे किंवा क्लाउडद्वारे कॅमेरा जोडणे हाच मार्ग उरतो, आणि ग्राहकाला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

वेगाच्या तक्रारीत लॅनची वायर जोडून केलेली चाचणी निर्णायक ठरते. वायरवर पूर्ण वेग मिळत असेल तर फायबरला दोष देण्याचे कारण राहत नाही; मग दोष वाय-फायमध्ये शोधावा. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच असल्याने दाट वस्तीच्या इमारतीत ते शेजाऱ्यांच्या प्रक्षेपणांनी भरून जातात, आणि तेथे ५ गिगाहर्ट्झचा वापर व गेटवेची मध्यवर्ती जागा हाच खरा उपाय असतो.

हे सर्व तपासायला लागणारा वेळ थोडा आहे, परंतु तो देण्याची मुभा तंत्रज्ञाला मिळाली पाहिजे. दिवसभरात किती तक्रारी बंद केल्या यावर त्याचे काम मोजले जाते तोवर रीसेट हाच त्याला सोयीचा मार्ग वाटत राहणार. म्हणून प्रत्येक केबलचालकाने आणि सेवादात्याने तक्रारीच्या नोंदीत प्रकाशाची पातळी, गेटवेचा बाहेरील पत्ता, वायरवरील वेग आणि सापडलेले कारण हे चार रकाने सक्तीचे करावेत, आणि तंत्रज्ञाचे मूल्यमापन त्याच घरातून तीच तक्रार पुन्हा आली की नाही यावरून करावे.