जाहीरनामा आणि तोफा

मंडळी, आमच्या शाळेच्या पुस्तकात १८५७ चा धडा राणीच्या जाहीरनाम्यापाशी संपायचा. १ नोव्हेंबर १८५८. धर्मात ढवळाढवळ नाही, नोकरीत भेदभाव नाही, सर्व प्रजा समान. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळवायची.

त्याच वर्षी लंडनमध्ये एक आयोग बसला होता, त्याचं नाव मात्र धड्यात नसायचं. युद्धमंत्री जोनाथन पील त्याचे अध्यक्ष. प्रश्न एकच: हा देश यापुढे ताब्यात ठेवायला किती फौज लागेल?

१८५९ च्या अहवालातलं उत्तर असं. गोरे सैनिक सुमारे ८०,०००. बंगालच्या सैन्यात दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मुंबई आणि मद्रासकडे तिघांमागे एक. (उठावाआधी पाच-सहा शिपायांमागे जेमतेम एक गोरा असे.) तोफखाना, थोडे अपवाद सोडता, गोऱ्यांच्याच हाती. शिवाय एकेका पलटणीत निरनिराळ्या जातीजमातींचे लोक मिसळून ठेवावेत, म्हणजे सगळे एकदिलाने उठणार नाहीत!

म्हणजे एका कागदावर "तुम्ही आमची प्रजा" आणि दुसऱ्या कागदावर त्याच प्रजेपासून बचावाचा हिशेब. माझं स्पष्ट मत आहे, राज्यकर्त्याचं मन ओळखायचं तर दुसरा कागद आधी वाचावा. जाहीरनाम्याला शाईचाच खर्च येतो, फौजेला पैसा मोजावा लागतो. माणूस खोटं बोलेल, पण खोट्यासाठी दरवर्षी पैसा मोजत बसणार नाही.

आणि हा पैसा कोणाचा? आपलाच. गोऱ्या शिपायाचा पगार तर होताच, पण त्याची इंग्लंडमधली भरती आणि शिक्षण यांचा भारही हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला जाई. १८६७-६८ मध्ये मुंबईहून फौज थेट ॲबिसिनियावर गेली, तेव्हाही त्या शिपायांचा नेहमीचा पगार इथूनच दिला गेला. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वेल्बी आयोगापुढे या लष्करी खर्चावर टीका केली. शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या बाजूने बोलणारा असा साक्षीदार आपल्या पुण्याचा होता, याचा मला अभिमान वाटतो.

कोणी म्हणेल, काका, छावण्यांनी शिस्त आणि स्वच्छता तर आणली ना? आणली. पण कोणासाठी? हिंदुस्थानात दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ दगावतात, असं १८६३ च्या आरोग्य आयोगाने नोंदवलं. बहुतेक ताप, हगवण, पटकी यांनी. इतका महाग शिपाई फुकट जाऊ नये म्हणून छावणीचं पाणी, गटारं, मोकळी हवा यांकडे लक्ष गेलं. १८६४ मध्ये छावण्यांचा कायदाही झाला. पलीकडच्या पेठेला ती निकड लागू नव्हती.

युद्धानंतर कुठलाही विजेता बंदोबस्त करणारच, त्यात नवल नाही. फक्त दोन प्रश्न विचारावेत: तोफेचं तोंड कोणाकडे, आणि दारूगोळ्याचे पैसे कोणाचे? इथे दोन्हींचं उत्तर एकच होतं, आपण.

असो. घरी नातवंडं इतिहासाला बसली, तर जाहीरनाम्याशेजारी पील आयोगाचं एक वाक्य जरूर लिहून द्या. गुण नाही वाढले तरी चालतील. तुम्हाला काय वाटतं, कळवा.