आधीं सारथी, मग रथ

वेगाची आवड ही तारुण्याची स्वाभाविक वृत्ति आहे. केवळ दोष दिल्यानें ती नाहींशी होत नाहीं. घोड्यांच्या काळीं ती घोड्यावर स्वार होई, आज ती मोटारींत बसते, एवढाच काय तो फरक. म्हणून मुलांनीं वेगाचा विचारच करूं नये असें बजावण्यापेक्षां, वेग कोठें शोभतो व तो मिळविण्याचा योग्य क्रम कोणता, हें त्यांना समजावून देणें मला अधिक श्रेयस्कर वाटतें. त्यासाठीं एका लहानशा मोटारीचें उदाहरण घेतों.

सन १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील शिकागो येथील मोटार-प्रदर्शनांत जपानच्या माझ्दा कंपनीनें दोन आसनांची एक उघडी गाडी मांडली. अशा गाडीस रोडस्टर म्हणतात. तिचें नांव एम-एक्स ५. अमेरिकेंत ती मियाटा या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें एंजिन अवघें १.६ लिटरचें, शक्ति सुमारें ११५ अश्वबळ, आणि वजन एक हजार किलोग्रॅमच्या आंत. एंजिन पुढें, जोर मागच्या चाकांना, आणि भार पुढच्यामागच्या चाकांवर जवळजवळ निम्मानिम्म वांटलेला. तिच्या कर्त्यांनीं जें ध्येय आपल्यापुढें ठेविलें, त्याला जपानी भाषेंत ‘जिन्बा इत्ताइ’ म्हणतात. म्हणजे घोडा आणि स्वार यांची एकरूपता. शक्तीनें कोणाचे डोळे दिपवावे अशी ही गाडी नव्हे. तरीहि एप्रिल २०१६ मध्यें या जातीची दहा लक्षावी गाडी तयार झाली, आणि शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर हौसेनें गाडी चालविणारांची ती मोठी आवडती झाली.

अशी गाडी हातीं आली कीं पुष्कळ तरुणांस पहिली बुद्धि सुचते ती एंजिनाची शक्ति वाढविण्याची. माझ्या मतें हा क्रम अगदीं उलटा आहे. प्रथम चालक सुधारावा, मग ब्रेक, त्यानंतर टायर व स्प्रिंगा, आणि एंजिनास सर्वांत शेवटीं हात लावावा. हें मत निव्वळ उपदेशाचें नाहीं. त्याच्या पाठीशीं गणित आहे.

वळणावर गाडीला रस्त्याशीं धरून ठेवतें तें टायर व रस्ता यांमधील घर्षण. त्या घर्षणाच्या मर्यादेंत जो अधिकांत अधिक वेग साधतो, त्याचा वर्ग मार्गाच्या त्रिज्येच्या प्रमाणांत असतो. समजा, वळणाच्या आंतल्या कडेकडेनें जाणाऱ्या चालकाच्या मार्गाची त्रिज्या २५ मीटर आहे, व त्याला ताशी ५० किलोमीटरांहून अधिक वेग साधत नाहीं. दुसरा चालक बाहेरच्या कडेनें वळणांत शिरतो, मध्यावर आंतली कड गांठतो व पुन्हां बाहेरच्या कडेला येऊन मिळतो. त्याच्या मार्गाची त्रिज्या ३६ मीटर होते. गाडी तीच, टायर तेच. परंतु आतां वेग ताशी ६० किलोमीटर होतो. हाच लाभ केवळ टायर बदलून मिळवावयाचा, तर त्यांची पकड १०० वरून १४४ वर न्यावी लागेल. एक पैहि खर्च न करितां नुसत्या शहाणपणानें एवढी प्राप्ति होते. भूमितीचा हा उपयोग वर्गांत क्वचितच सांगण्यांत येतो!

आतां ब्रेकांचें पाहूं. ताशी १२० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ६० किलोमीटरच्या मानानें दुप्पट नसते, चौपट असते. आणि गाडी थांबवितांना ती बहुतेक सारी ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें सोसावी लागते. शर्यतीच्या मार्गावर असा प्रसंग प्रत्येक फेरींत अनेकदां येतो. ब्रेकांतील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या त्याच तेलाची कसोटी अवघी १५५ अंशांची आहे. तेल उकळलें कीं त्यांत बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलें तरी पाय पोकळींत गेल्यासारखा खालीं जातो. त्या क्षणीं वाढविलेली अश्वशक्ति काय कामाची? म्हणून पहिला पैसा ताज्या तेलावर व उष्णता सोसणाऱ्या ब्रेकपॅडांवर खर्च व्हावा. दुसरा आसनांमागें बसवावयाच्या पोलादी कमानीवर, पट्ट्यांवर व हेल्मेटवर व्हावा. कारण उघडी गाडी उलटली तर मस्तकाचें रक्षण करावयास वर छप्पर नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं अल्प शक्तीची गाडी घेऊन शर्यतीच्या मार्गावर जाण्यांत पुरुषार्थ तो कोणता? माझें उत्तर असें कीं, अशीच गाडी उत्तम गुरु होय. ब्रेक दाबतांच भार पुढें सरकतो व मागचीं चाकें हलकीं होतात. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरील पाय एकाएकीं उचलला, तर गाडीचा मागला भाग बाहेर घसरून ती भोंवऱ्यासारखी फिरूं शकते. हे सारे नियम हलकी गाडी कमी वेगांत व स्पष्टपणें शिकविते. प्रबळ गाडींत बसलेला चालक वळणावर चुकला तरी पुढच्या सरळ रस्त्यावर एंजिनाच्या जोरानें तो वेळ भरून काढतो, आणि आपण चुकलों हें त्याला कळतहि नाहीं. अमेरिकेंत ‘स्पेक मियाटा’ नांवाच्या शर्यती होतात. त्यांत स्प्रिंगा व धक्काशोषक नियमानें ठरविलेले असतात, आणि एंजिनांतील फेरफारांवर कडक बंधन असतें. गाड्या जवळजवळ समान झाल्या म्हणजे निर्णय पुष्कळसा चालकाच्या कौशल्यावर येतो, हेंच या शर्यतींचें मर्म आहे.

आपल्याकडे ही गाडी क्वचितच दृष्टीस पडते; परंतु तिचा धडा आपल्या दारांतल्या मोटारीस व मोटारसायकलीसहि लागू आहे. वर सांगितलेला मोठ्या त्रिज्येचा मार्ग बंदिस्त, एकेरी रस्त्यावरच घेतां येतो. सार्वजनिक रस्त्याचा अर्धा भाग समोरून येणाराचा असतो, मग तो बैलगाडीवाला असो कीं शाळेंत निघालेलें मूल असो. त्याचा वांटा हिरावून मिळविलेला वेग ही चोरीच होय. सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडण्यांत तर वेगहि नाहीं आणि विद्याहि नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गाडींतील मनमानी फेरफारांस मज्जाव केला आहे, व उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करतां येणार नाहींत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलाची आवड दडपूं नका आणि वयापूर्वीं किल्लीहि देऊं नका. सुटीच्या दिवशीं त्याला घरच्या गाडीच्या टायरांतील हवा तपासूं द्या, ब्रेकपॅड किती झिजले आहेत तें पाहूं द्या. तो अठरा वर्षांचा होऊन परवाना मिळाल्यावरहि त्याची हौस टिकली, तर चेन्नईजवळ व कोइमतूरजवळ शर्यतीचे मार्ग आहेत. तेथें शिक्षकाच्या देखरेखीखालीं त्याला आपली मर्यादा अजमावतां येईल. करिंथकरांस लिहितांना पौलानें शर्यतींत उतरणाऱ्याच्या संयमाचा दृष्टांत दिला आहे. तो पायांनीं धांवणाराइतकाच चार चाकांवर धांवणारासहि लागू पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, एंजिनाची शक्ति पैसे टाकून केव्हांहि आणतां येईल. परंतु वळणापूर्वीं वेग आंवरण्याची बुद्धि कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. ती ज्याची त्यानें अभ्यासानें मिळवावयाची असते, आणि ती मिळाल्यावांचून गाडीस अधिक बळ देऊं नये.