मतांचा हिशेब लोकांसमोर मांडा

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता राज्यात ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे सांगण्यात आले. अखेरचा आकडा निघाला ६६.०५ टक्क्यांचा. मधल्या पावणेआठ टक्क्यांत सुमारे ७६ लाख मते सामावलेली होती. ही मते कोठून आली, हा प्रश्न त्या रात्री जो निघाला तो आजही नागपूरच्या वस्त्यांमधून मावळलेला नाही. इंदोऱ्यापासून गोळीबार चौकापर्यंत कोठेही जा आणि निवडणुकीचा विषय काढा, ‘मत देऊन काय होते?’ हे वाक्य ऐकावेच लागते. जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा तर बोटावरची खूण पुसली जाते की नाही यावरच मतदानाच्या दिवशी वाद रंगला. संशय आता एखाद्या निकालापुरता उरलेला नाही. निवडणुकीच्या प्रत्येक पायरीवर तो बसून आहे.

या संशयाकडे पाहण्याच्या दोन सोयीस्कर रीती आहेत. पराभूतांचे रडगाणे म्हणून तो झटकून टाकावा, ही सत्ताधाऱ्यांची रीत. पराभवाचे सगळे खापर यंत्रावर फोडून मोकळे व्हावे, ही विरोधकांपैकी पुष्कळांची रीत. दोन्हींत श्रम नाहीत, म्हणूनच दोन्ही लोकप्रिय आहेत. समाजवादी कार्यकर्त्याला यांपैकी एकही रीत पत्करता येणार नाही. त्याने प्रथम हिशेब करावा, आणि मग हिशेबाची वही मागावी.

आधी हिशेब करू. पाच वाजताचा आकडा हा तेव्हा केंद्राकेंद्रांवरून तोंडी वा दूरध्वनीने गोळा केलेला अंदाज होता. मतदान सहापर्यंत चालते, आणि सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतात त्या सर्वांना, रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटून, मतदान करू द्यावे लागते. म्हणजे ‘सहानंतर ७६ लाख मते पडली’ असे जे सर्रास बोलले जाते ते मुळातच चूक आहे. तो फरक पाचनंतरचा आहे. राज्यात मतदान केंद्रे एक लाखाच्या वर होती. ७६ लाखांना एक लाखाने भागले तर दर केंद्रामागे ७६ मते येतात. दिवसभरात सरासरीने दर केंद्रावर तासाला ५८ मते पडत होती. तेव्हा शेवटचा एक तास आणि त्यानंतरची रांग यांत ७६ मते पडणे अशक्य कोटीतले नाही. आयोगाने जून २०२५ मध्ये हेच गणित मांडले, आणि त्या गणितात चूक काढता येत नाही.

परंतु शक्य असणे निराळे आणि झालेले दाखवून देणे निराळे. सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. जेथे सहा वाजता रांगच नव्हती अशी केंद्रे किती, आणि जेथे रात्री उशिरापर्यंत रांग होती ती किती? कोणत्या केंद्रावर किती चिठ्ठ्या वाटल्या गेल्या? याचे उत्तर प्रत्येक केंद्राध्यक्षाच्या कागदपत्रांतून मिळू शकते. किती मते पडली याचा केंद्रवार आकडा ‘१७-सी’ नावाच्या नमुन्यात लिहिलेला असतो, आणि मतदान संपताच त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यावी असा नियम आहे. मग हाच कागद त्याच रात्री सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करण्यात अडचण कोणती?

ही मागणी नवी नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात नागपूरने मतदान केले. त्या टप्प्याची अखेरची टक्केवारी आयोगाने जाहीर केली ती ३० एप्रिलला, तब्बल अकरा दिवसांनी. आणि तीही केवळ टक्केवारी, मतांची संख्या नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७-सी प्रसिद्ध केल्यास त्याचा गैरवापर होईल, असे आयोगाने तेथे सांगितले. २४ मे रोजी न्यायालयाने निवडणूक चालू असता हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने आपण होऊन पाच टप्प्यांची मतदारसंघवार मतसंख्या जाहीर केली. आभाळ कोसळले नाही. जे दुसऱ्या दिवशी करता आले ते महिनाभर आधी करता आले असते, तर संशयाला तेवढे खतपाणी कमी मिळाले असते.

मतदानापेक्षाही अवघड प्रश्न मतदारयादीचा आहे. लोकसभेच्या वेळी महाराष्ट्राच्या यादीत ९ कोटी २९ लाख नावे होती. विधानसभेच्या वेळी ती ९ कोटी ७० लाख झाली. नागपूर दक्षिण-पश्चिम या मुख्यमंत्र्यांच्या मतदारसंघात पाच महिन्यांत मतदार ८ टक्क्यांनी वाढले, असा आक्षेप राहुल गांधी यांनी जून २०२५ मध्ये घेतला. त्यावर देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिले की पश्चिम आणि उत्तर नागपुरातही मतदार ७ टक्क्यांनी वाढले, आणि तेथे तर काँग्रेसचे विकास ठाकरे व नितीन राऊत निवडून आले. हे उत्तर हजरजबाबी आहे आणि त्यात तथ्यही आहे: यादी वाढली म्हणजे अमुकच पक्ष जिंकतो असे सिद्ध होत नाही. पण ते मूळ प्रश्नाचे उत्तर नव्हे. एका शहराच्या तीन मतदारसंघांत पाच महिन्यांत ७-८ टक्के मतदार का वाढले, त्यांत अठरा वर्षे पूर्ण केलेली मुले किती, लोकसभेला नावे गहाळ झाली म्हणून पुन्हा नोंदलेले किती, दुसरीकडून राहायला आलेले किती, हे कोणीच सांगितले नाही. लोकसभेच्या दिवशी नाव सापडत नाही म्हणून परतलेली माणसे नागपूरकरांनी पाहिली आहेत. वाढीचा काही भाग त्या चुकीची दुरुस्ती असणे अगदी संभवनीय आहे. तसे असेल तर तेही आकड्यांनिशी सांगावे. विरोधी पक्ष जिंकल्याने यादी शुद्ध ठरत नाही, जसा तो हरल्याने ती अशुद्ध ठरत नाही.

यादीत खोटी नावे घुसवण्याचा प्रयत्न होतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात, ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या नोंदणीचे साडेसहा हजारांहून अधिक बोगस अर्ज आल्याचे निवडणूक यंत्रणेनेच शोधून काढले, ते फेटाळले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला. यंत्रणेने येथे आपले काम केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु एका मतदारसंघात असे घडू शकते म्हटल्यावर इतरत्र काय घडले हे विचारणारा माणूस देशद्रोही ठरत नाही.

आता आपल्या बाजूचेही थोडे. रामटेक नागपूर जिल्ह्यातच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या एका नामवंत अभ्यासकाने रामटेकचे मतदार दोन निवडणुकांच्या दरम्यान सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे समाजमाध्यमावर लिहिले. आकडे चुकीच्या ओळींतून उचलले गेले होते. दोन दिवसांत त्यांनी मजकूर मागे घेऊन क्षमा मागितली. तरीही त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि सर्वोच्च न्यायालयाला त्या कारवाईस स्थगिती द्यावी लागली. चुकीची कबुली देणाऱ्यावर पोलीस धाडणे निंद्य आहेच. पण आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. एक चुकलेला आकडा शंभर खऱ्या प्रश्नांची तोंडे बंद करतो. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये शेवटच्या तासांतील मतांविषयीची याचिका पुराव्याअभावी फेटाळली, तेव्हाही हाच अनुभव आला.

मात्र पुरावा मिळण्याच्या वाटाच बुजवल्या जात असतील तर? डिसेंबर २०२४ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने एका मतदान केंद्राचे चित्रण व कागदपत्रे देण्याचा आदेश दिला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत निवडणूक नियमात दुरुस्ती करून लोकांना पाहता येणाऱ्या कागदपत्रांची व्याप्ती आखडण्यात आली. मे २०२५ मध्ये आयोगाने ठरवले की निकालाला कोणी आव्हान दिले नाही तर चित्रण ४५ दिवसच ठेवावे. निवडणूक याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच. याचिका करायची तर पुरावा हवा आणि पुरावा हवा असेल तर आधी याचिका केलेली हवी, अशी ही कोंडी आहे. मतदारांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खासगीपणाचे कारण दिले जाते. ते कारण खरे असेल तर चित्रण न्यायाधीशापुढे बंद दाराआड दाखवता येईल. नष्ट करण्याचे ते कारण होऊ शकत नाही. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या समाधानासाठी कागदी मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले. त्या मतदानाला कायद्याने काहीच किंमत नव्हती. तरी शासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही आणि वर गुन्हे नोंदवले. ज्या गावाला समजावून सांगायचे त्याला दरडावले, की संशय सुटत नाही; तो आणखी घट्ट होतो.

याच देशात याहून शहाणपणाची उदाहरणे आहेत. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर जनसंघाचे बलराज मधोक यांनी मतपत्रिकांना रसायन लावून शिक्के उमटवले-पुसले गेल्याचा आरोप केला. आरोप ऐकायला अद्भुतच होता. तरीही १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका तपासून पाहण्याची वाट मोकळी केली. आरोप अखेर टिकला नाही. हसण्यावारी नेऊन तो मेला नसता. पेटी उघडल्यामुळे तो मेला.

आणि आपल्या परंपरेतले उदाहरण त्याहून मोठे आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मैत्रीच्या करारावर लढले व दोघेही पडले. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली होती. ज्यांनी संविधानाचा मसुदा केला त्या बाबासाहेबांनी ‘निकाल शिरोधार्य’ म्हणून गप्प बसणे पसंत केले नाही, की लोकशाहीच खोटी आहे असा कांगावाही केला नाही. अशोक मेहता आणि त्यांनी मिळून रीतसर निवडणूक याचिका केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. पण मतांचा हिशेब मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे, हे त्यांनी आचरणातून दाखवले.

संशयाचे नुकसान कोणाला, याचाही विचार करावा. श्रीमंताची कामे निवडणुकीशिवाय होतात; त्याला मंत्रालयाचे दार कोणत्याही राजवटीत उघडे असते. कामठीच्या बिडी कामगार बाईजवळ, महालातल्या हमालाजवळ, उत्तर नागपुरातल्या रोजंदारीच्या मजुराजवळ मात्र पाच वर्षांतून एकदा चालणारे हे एकच हत्यार आहे. ते बोथट झाले आहे असे त्याला वाटू लागले की तो घरी बसतो. एप्रिल २०२४ मध्ये नागपुरात मतदान झाले सुमारे ५४ टक्के. जवळजवळ निम्मे शहर केंद्रापर्यंत गेलेच नाही. त्यांना घरी बसवण्यासाठी कोणाला यंत्रात हात घालण्याचीही गरज पडली नाही. म्हणून ‘सगळे ठरलेलेच असते’ असे वस्तीत सांगत फिरणारा कार्यकर्ता, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, गरिबाच्या हातचे हत्यार आपणच खाली ठेवायला लावतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक केंद्राचा १७-सी मतदानाच्या रात्रीच प्रसिद्ध व्हावा. सहा वाजता वाटलेल्या चिठ्ठ्यांची केंद्रवार संख्या त्याच्यासोबत द्यावी. मतदारयादी संगणकावर तपासता येईल अशा स्वरूपात सर्व पक्षांना मिळावी आणि प्रत्येक भर व प्रत्येक वगळणी कारणासह नोंदली जावी. चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवावे. यांत क्रांतिकारक असे काही नाही. एखादी साधी सहकारी पतपेढीही आपल्या सभासदांना एवढा हिशेब देते.

पण मागण्या करणाऱ्याचे हातही रिकामे नसावेत. आयोग म्हणतो की विधानसभेच्या यादीविरुद्ध साऱ्या राज्यातून जिल्हाधिकाऱ्यांकडे केवळ ८९ अपिले आली आणि त्यापुढे फक्त एक. हा आकडा आयोगाच्या निर्दोषपणाचा दाखला नसेल, पण तो आपल्या झोपेचा दाखला नक्कीच आहे. यादी प्रसिद्ध झाली तेव्हा ती घेऊन आपण किती गल्ल्या फिरलो? आपले किती मतदान प्रतिनिधी सायंकाळी यंत्राला मोहोर लागेपर्यंत केंद्रात बसून होते, आणि किती चार वाजताच उठून गेले? किती जणांनी १७-सीची प्रत मागून घेतली, आणि घेतलेली प्रत मतमोजणीच्या टेबलावर ताडून पाहिली? मारकडवाडीचा जयघोष सर्वांनी केला. हे कंटाळवाणे काम फार थोड्यांनी केले.

पुढची निवडणूक येईल तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतली एक यादी, एक केंद्र आणि एक १७-सी एवढ्याची जबाबदारी घ्यावी. साथींनो, केंद्राध्यक्षाच्या सहीचा तो कागद रात्री आपल्या खिशात असेल, तर दुसऱ्या दिवशी टपरीवर कोणी ‘मत देऊन काय होते?’ असे विचारले की आपण तो उलगडून त्याच्यापुढे ठेवू शकू. वस्तीतल्या माणसाला व्याख्यानापेक्षा तो कागद अधिक समजेल.