शेणखत की युरिया? दोन्ही, पण मापून



भात कापून झाले की हळर्णच्या मळ्यांत मिरची, भेंडी, वाल, तांबडी भाजी यांची तयारी सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक जुना वादही. एक म्हणतो, रासायनिक खत म्हणजे विष. दुसरा म्हणतो, शेणखताने घर चालत नाही. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात, आणि त्याचा भुर्दंड जमिनीला व घरच्या मिळकतीला बसतो.

प्रथम हिशेब पाहू. गुंठाभर मिरचीला साधारण १ किलो नत्र लागते. २०० किलो चांगल्या शेणखतात तेवढे नत्र असते. परंतु पहिल्या हंगामात त्याचा सुमारे तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. तेच नत्र सव्वादोन किलोहून किंचित कमी युरियात असते व थोड्याच दिवसांत मुळांना मिळते. गोठे रिकामे होत असताना केवळ शेणावर विसंबणे पुष्कळांना परवडणारे नाही.

मग नुसता युरियाच का नको? कारण आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि युरियाने ती अधिकच आंबते. हिमाचल प्रदेशात पालमपूरची जमीनही आम्लधर्मीच. तेथे १९७२ पासूनच्या दीर्घ प्रयोगात केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांतील मका-गव्हाचे पीक कालांतराने जवळजवळ शून्यावर आले. शेणखताबरोबर नत्र, स्फुरद, पालाश मिळालेले वाफे मात्र टिकले.

शिवाय आपल्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. म्हणून सुपर फॉस्फेट मोकळे न फेकता कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात घालावे. गुंठ्याला २०० किलो शेणखत पडले असेल, तर युरिया दीड किलोच्या आसपास आणता येतो. तोही तीन हप्त्यांत, खोडापासून चार बोटे दूर, मातीआड करून द्यावा. चुना मात्र युरियाबरोबर कधीही मिसळू नये. नत्र वायू होऊन उडून जाते.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. जादा नत्र पाझरून विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाल्यास वरच्या दुधावरील तान्ह्या बालकांना धोका असतो. उलट कच्चे शेण पालेभाजीला घातल्यास जंतू व जंतांची अंडी ताटात येतात. खत कोणतेही असो, बेपर्वाई घातकच.

शेण थोडे असेल तर पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची रीत पाहावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच जाळीदार टाकीत सुमारे १०० किलो शेण, पालापाचोळा व माती थरांनी भरली, की तीन-चार महिन्यांत कंपोस्ट तयार होते. विटांऐवजी आपले चिरे चालतील. पावसासाठी वर छप्पर मात्र हवेच.

शुभवर्तमानातील माळी निष्फळ अंजीर तोडू देत नाही. भोवती खणून खत घालण्यासाठी वर्षाची मुदत मागतो. आम्ही तेवढेच मागतो. लावणीपूर्वी माती तपासून घ्या, मृदा आरोग्य पत्रिका वाचा, आणि निदान एक वाफा दोन्ही खतांच्या मेळाने करून पाहा. पुढचा वाद त्या वाफ्याच्या बांधावर उभे राहून करू.