बेडकाच्या सांगाड्यातला 'साठी'

'बेडकाचा सांगाडा उडी मारण्यासाठी बनला आहे.' शाळेत हे वाक्य लिहून आपण मार्क मिळवले, आता रीलवर त्यालाच लाईक मिळतात. माझं भांडण त्यातल्या एकाच शब्दाशी आहे: 'साठी'.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हा शब्द फार गोड लागतो. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, मग बाकी सगळं. आजचा बेडूक बघितला की पटतंही. कमरेपर्यंत सहसा आठ, फार तर नऊ मणके. शेपटीच्या जागी मणके जुळून झालेला एक दांडा. कमरेची हाडं लांबच लांब, पोटरीची दोन हाडं एकजीव, घोट्याची ताणलेली. स्प्रिंगच म्हणा ना.

आता मादागास्करच्या खडकातला ट्रायाडोबॅट्राकस बघा. वय सुमारे २५ कोटी वर्षं. १९३६ साली पिव्हतो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. कवटी बेडकाची. कमरेचं हाडही बेडकासारखं पुढे लांबलेलं. पण त्याच अंगात कमरेच्या पुढे चौदा मणके, आखूड का होईना शेपूट, आणि पोटरीची हाडं सुटी. मागचे पायही फारसे लांब नाहीत. हा गडी बहुधा चालतच असणार. मग कमरेचं हाड 'उडीसाठी' लांबलं म्हणणाऱ्यांनी सांगावं, तेव्हा उडी होती कुठे?

उड्या मारणारा म्हणता येईल असा प्रोसॅलिरस ॲरिझोनात सापडला, त्याचं वर्णन १९९५ मध्ये शुबिन आणि जेन्किन्स यांनी केलं. तो सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा. मधे सहा कोटी वर्षं गेली! एवढी मुदत कुठला क्लायंट देतो?

उडी आली तरी उतरणं राहिलंच. न्यूझीलंडचे लायोपेल्मा आणि उत्तर अमेरिकेचे ॲस्काफस हे बाकीच्या सगळ्या बेडकांपासून फार आधी वेगळे झालेले. ते झेप छान घेतात आणि पोटावर आपटतात. मागचे पाय वेळेत पुढे येतच नाहीत. उडीसाठी आखलेल्या यंत्रात निम्मी उडी विसरली जाते का?

'अरे, साठी म्हणजे नुसता शॉर्टकट,' असं मित्र म्हणतात. ज्याला पूर्ण गोष्ट माहीत आहे त्याच्यापुरतं ठीक. नववीतल्या पोरासाठी तेवढीच पूर्ण गोष्ट असते. तिथे एवढं लिहिलं तरी चालेल: 'उडीच्या आधीपासून असलेली काही हाडं पुढे उडीच्या कामी आली.' मार्क तेवढेच द्या.