घाट चढण्यापूर्वी

सुट्टीत कुलदैवताच्या दर्शनास किंवा आप्तांकडील कार्यास इंदूरहून खाली नाशिक-पुण्याकडे मोटारीने जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. निघण्यापूर्वी आपण तेल, पाणी, हवा पाहतो. स्पार्क प्लगकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग सपाटीवर निमूट चालणारी पेट्रोलची गाडी घाटाच्या चढावर, भरल्या ओझ्यानिशी, ‘मिसिंग’ करू लागते. याची कारणे अनेक असतात; परंतु प्रथम प्लगचे अंतर पाहावे, असे आम्ही सुचवू.

प्लगच्या दोन टोकांमधील फटीत ठिणगी उडते व पेट्रोल-हवेचे मिश्रण पेट घेते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि तीच फट ओलांडण्यास अधिक व्होल्टेज लागते. टोके झिजून फट रुंदावली असेल, तर अशा वेळी ठिणगी चुकते. उलट फट फार अरुंद असल्यास ठिणगी दुबळी पडते व गाडी उभी असता इंजिन अडखळते.

जुने मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडची पाठ फटीत सरकवून अंतर लावीत. तो अडाणीपणा नव्हे. ब्लेडची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर, आणि ॲम्बॅसडरला हवे असलेले अंतर ०.०२५ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच! परंतु ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या पुष्कळ गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटर अंतर लागते. तेथे ब्लेडचा हिशेब चुकतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

फीलर गेज असल्यास हे काम घरीही होते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगभोवतीची धूळ आधी काढावी, नाही तर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. ठरल्या जाडीचे पाते किंचित घासत सरकले की अंतर बरोबर समजावे. कमीजास्त करताना बाहेरचे वाकडे टोकच हलवावे; मधल्या टोकावर जोर दिल्यास आतील चिनी मातीला तडा जाण्याचे भय असते. इरिडियम वा प्लॅटिनमचे प्लग घरी वाकवू नयेत. बसविताना आटे प्रथम हातानेच धरावेत, पाना शेवटी.

अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम. मुलाबाळांसह घाटाच्या मध्यावर खोळंबण्यापेक्षा ते आदल्या रविवारी अंगणात उरकलेले केव्हाही बरे.